गोव्याहून बर्फ बघायला निघालात? या चुका टाळा

नाताळची सुट्टी जवळ आली की पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी बेत सुरू होतात: यंदा मनालीला जाऊ, पोरांना बर्फ दाखवू. पहिली चूक इथेच होते. मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर आहे, आणि डिसेंबरअखेर तिथे रस्त्यावर बर्फ असेलच असं नाही. भरवशाचा बर्फ हवा असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. शाळेमुळे नाताळातच जाणं भाग असेल, तर उंचावरचं ठिकाण निवडा. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, आणि काश्मिरातली चाळीस दिवसांची कडक थंडी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होते.

मनालीच्या वरच्या रोहतांगचा हट्टही सोडा. हिवाळ्यात ती खिंड बंदच असते. त्याऐवजी २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावाला जाता येतं. मात्र बर्फ पडू लागला की पोलीस साध्या गाड्या अडवतात, फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या, किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या सोडतात. म्हणून सहलीत एक दिवस मोकळा ठेवाच.

आता सगळ्यात मोठी चूक. आपण थंडीला घाबरतो आणि घरातली सगळी लोकर बॅगेत कोंबतो, पण ओलीचा विचार कोणी करत नाही. आपण तर जून ते सप्टेंबर ओलीतच काढतो! माझी आठ वर्षांची भाची मनालीजवळच्या सोलंगला पोचल्या पोचल्या बर्फात लोळली. हातात आजीने विणलेले लोकरीचे हातमोजे. दहा मिनिटांत लोकरीवर बर्फाचे मणी चिकटले, हाताच्या उबेने विरघळले, आणि हातमोजे पिळले तर पाणी निथळू लागलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, बोटं कळत नाहीत." टोकं पांढरी पडली होती. मी तिला शेकोटीकडे नेऊ लागलो, तर चहाच्या टपरीवरच्या बाईंनी मला अडवलं. बधिर बोटांना चटका बसलेला कळत नाही, आधी ओले हातमोजे काढा आणि तिचे हात काखेत धरा, असं त्यांनी सांगितलं. पाचेक मिनिटांनी बोटं लाल झाली, ती रडायला लागली, आणि माझ्या जिवात जीव आला.

म्हणून आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट घाला. हातमोजेही तसेच हवेत, शिवाय एक कोरडा जोड खिशात ठेवा. जीन्स अजिबात नको. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पायांना थंडगार चिकटून राहते. कॅनव्हासचे बूट घरीच ठेवा. सोलंगच्या वाटेवर गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. गमबूट आतून ओले नाहीत ना, हे हात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

थंडी पळवायला फेणीचे दोन घोट घ्यावेत असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

समुद्रसपाटीवरच्या माणसाला उंचीचा त्रास होऊ शकतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा जवळजवळ ४,००० मीटरवर नेतो. पोचल्याच दिवशी तिथे चढू नका, आणि डोकं दुखून मळमळू लागलं तर लगेच खाली या. गॉगल मात्र सगळ्यांना हवा, लहान मुलांनाही. ताज्या बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हापेक्षा जास्त त्रास देतं.

काश्मिरात जाणार असाल तर घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड सिम असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. आणि फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, आणि ड्रायव्हरला बोलवायचं असतं तेव्हाच फोन बंद पडतो.