रत्नागिरीत नवीन आलात? टेबलाच्या आधी भिंत बघा

पुण्याहून इथे येऊन मला ९ वर्षं झाली, वन बीएचके आणि काम घरूनच. जागा कमी असली की भिंतीला बिजागरीवर लावलेलं, काम झालं की खाली सोडायचं टेबल सगळ्यात बरं, पण इथे आधी भिंत ठरवा मग टेबल.

पश्चिमेची बाहेरची भिंत नकोच. जून ते सप्टेंबर पाऊस समुद्राकडून झोडपतो, जांभा, म्हणजे इथल्या भिंतींचा लाल सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि ओल आत येते. मी पहिल्या वर्षी समुद्र दिसतो म्हणून तिथेच लावलं, एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), आणि ऑगस्टपर्यंत कडा फुगल्या, सनमायका सुटला, मागे बुरशी. फार वाईट वाटलं होतं, म्हणून सांगतेय, आतली भिंत घ्या आणि खिडकी बाजूला येईल असं बसा.

दुसरं, चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यात, फिशर (स्क्रूसाठी भोकात घालायची प्लास्टिकची नळी) नीट धरत नाही. ड्रिल मारताना बघा, गिलाव्याच्या आत गेल्यावर लाल भुकटी पडली तर चिरा, राखाडीच पडत राहिली तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. कॉलम मिळाला तर उत्तम, नाहीतर आधी भिंतीवर जाड लाकडी पट्टी आडवी लावून घ्या, पाच-सहा लांब बोल्ट मारून, म्हणजे वजन वाटलं जातं, आणि मग टेबल त्या पट्टीला. दोन कोपरं टेकून दिवसभर बसतो आपण, नुसत्या लॅपटॉपचं वजन धरून चालत नाही. भाड्याचं घर असेल तर भोक पाडायच्या आधी मालकांना विचारा, नाहीच म्हणाले तर पायांचं घडीचं टेबल घ्या.

माप माझं असं आहे: रुंदी ३ फूट, खोली १८ इंच, उंची २९ इंच. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा, मी तेच करते. प्लाय १९ एमएमचा मरीन, त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच घ्या, आणि कडा नि खालची बाजू दोन्ही सील करून घ्या, खालची बाजू सुतार हमखास सोडतात. स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडच्या, घर अगदी किनाऱ्याला असेल तर ३१६, कारण साधं लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजतं आणि बिजागरी अडकते.

सुताराला एप्रिल-मे मध्येच गाठा, आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी काम उरकलं पाहिजे, नंतर गणपती जवळ आले की कुणी हाताला लागत नाही.