बावीची वही कशी ठेवायची
भूजल खात्यातून रिटायर झालो तरी रत्नागिरीत कोणी भेटला की प्रश्न तोच, बोअर कुठे मारू? मी म्हणतो आधी बावीची, म्हणजे विहिरीच्या पाणीपातळीची, वही घाल. टेपला वजन बांधायचं, कठड्यावर ऑइलपेंटने खूण करायची आणि दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंत मोजायचं, पण सकाळी पंप लावायच्या आधी हं, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी लिहाल. मे अखेर आणि ऑक्टोबर चुकवू नका, बाकी महिन्यातून एकदा पुरे. आपल्याकडे पाऊस ३००० मिमीच्या आसपास, जांभा दगड सच्छिद्र, पाणी भराभर मुरतं आणि खालच्या चिकणमातीवरून सरकत व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, निघूनही जातं, म्हणून दिवाळीनंतर बाव किती झपाट्याने उतरते ते बघा, खरी गंमत तिथेच. किनाऱ्याजवळ असाल तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्याच. पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर समुद्रसपाटीच्या खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी आणि त्याखाली खारं, हे पुस्तकी गणित, प्रत्यक्षात खडकातल्या भेगा ते बिघडवतात, त्यामुळे खोल बोअरची घाई नको. टीडीएस चढायला लागला की उपसा कमी करायचा. आकडे एक्सेलमधे टाकून ग्राफ काढा, मी या वयात नातीकडून शिकलो, तुम्हालाही जमेल.