कोल्हापुरात फोटो वॉकला निघताना: आधी उजेड बघा, मग जागा ठरवा

कोल्हापुरात फोटो काढायला कुठं जावं, असं कुणाला विचारलं की यादी लगेच तयार असते: रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, न्यू पॅलेस. यादी चुकीची नाही, पण तिच्यात वेळ लिहिलेली नसते. दुपारी बाराला रंकाळ्यावर पोचलेला माणूस पांढरट आभाळ आणि डोळे दिपवणारं पाणी घेऊन परत येतो. तोच माणूस सकाळी सातला पंचगंगा घाटावर उभा राहिला, तर त्याच कॅमेऱ्यात वेगळंच गाव उतरतं. म्हणून फेरी आखताना जागा दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न हा की त्या वेळी तिथं उजेड कुठून येणार आहे.

उजेडाची दिशा अंबाबाईच्या देवळाकडून शिका

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत जातात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सव प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत आहे, पण छंद म्हणून फोटो काढणाऱ्यानं त्यामागचं गणित एकदा नीट बघावं. १० नोव्हेंबर हा २२ डिसेंबरच्या साधारण सहा आठवडे आधी येतो आणि १ फेब्रुवारी तितकाच नंतर. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, डिसेंबरच्या शेवटी मागं वळतो आणि परतताना क्षितिजावरच्या त्याच जागी पुन्हा मावळतो. देवळाची वाट त्या जागेच्या रेषेत असल्यामुळं वर्षातून दोनदा हा योग येतो.

आता हेच तुमच्या गल्लीला लावा. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेच्या आसपास. जूनमध्ये तो वायव्येकडं बराच सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये नैऋत्येकडं. रंकाळ्याच्या टॉवरजवळ उभं राहून शालिनी पॅलेसच्या बाजूला बघितलं तर सूर्य कुठल्या झाडामागं बुडतो, ती जागा दर महिन्याला बदलते. मोबाइलमध्ये सूर्याची दिशा दाखवणारी मोफत ॲप मिळतात, त्यांतलं एक घ्या. ॲप नसलं तरी एक वही आणि साधा होकायंत्राचा काटा पुरतो. मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमारास, हेही ध्यानात ठेवा. उगवल्यानंतरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास, फेरीचा जीव या दोन तासांत असतो.

देवळाच्या आत मात्र फोटोचा विचारही करू नका. तिथले नियम पाळायचे, हात जोडायचे आणि बाहेर यायचं.

एकच वाट धरा

पहिल्या फेरीसाठी माझी शिफारस ठरलेली आहे: पंचगंगा घाट, गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, भवानी मंडप. चालत गेलं तर अंतर फार नाही, पण रमतगमत जायला दोन तास सहज लागतात. नदी, दूधकट्टा, बाजार आणि राजवाडा हे सगळं या एका वाटेवर येतं.

ही वाट सकाळी घाटाकडून गावाकडं चाललात तर सूर्य बराच वेळ तुमच्या समोर असतो. माणसांच्या केसांना, चहाच्या वाफेला, झाडूनं उडालेल्या धुळीला कडेनं उजेड लागतो आणि चेहरे अंधारात राहतात. तीच वाट भवानी मंडपाकडून घाटाकडं चाललात तर सूर्य पाठीशी येतो, रंग भरून येतात आणि चेहरे स्पष्ट दिसतात. एकाच वाटेच्या या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. नवख्या माणसानं आधी सूर्य पाठीशी ठेवून चालावं आणि हात बसला की उलट्या दिशेनं यावं.

घाटावर हिवाळ्यात जा. नदीवर धुकं तरंगत असतं आणि जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी त्यातून हळूहळू वर येतात. सकाळचा सूर्य गावाच्या बाजूनं येत असल्यामुळं पायऱ्यांवर ऊन उशिरा उतरतं. तोवर पायऱ्यांच्या सावलीत बसून पलीकडच्या उजळलेल्या काठाचे फोटो काढा. पावसाळ्यात घाट वेगळा दिसतो, पण तेव्हा आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी चढतं असेल तर घाटाकडं उतरायचं नाही. वरून, पोलिसांनी सोडलेल्या जागेवरून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं.

या वाटेवर परत परत या. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ आणि रंकाळ्यातला संध्यामठ रंगवला, तो काही एका चकरेत नव्हे. संध्यामठ पाणी ओसरलं की उघडा पडतो आणि भरलं की बुडतो. एकदाच गेलेल्या माणसाला तो अर्धाच कळतो.

पिशवीत काय असावं

फार काही नको. एक कॅमेरा, त्यावर एकच लेन्स (३५ किंवा ५० मिलिमीटरची असेल तर उत्तम), जादा बॅटरी, सुती फडकं, पाण्याची बाटली. मोबाइल असेल तर निघायच्या आधी लेन्स पुसा, कारण खिशातला तेलकट थर सकाळच्या समोरच्या उजेडात सगळा फोटो धूसर करतो. चांगला कॅमेरा घेतल्यावर सुरुवात करू म्हणून थांबणाऱ्यांनी एवढं आठवावं की याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता.

घरून निघतानाच कॅमेरा लावून ठेवा: ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), एफ ५.६, ऑटो आयएसओची (उजेड टिपायच्या संवेदनशीलतेची) वरची मर्यादा ३२००, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू न होणारा. गल्लीत चाकं फिरवत बसायला वेळ मिळत नाही.

गंगावेशीतली म्हैस आणि दुधाचा फेस

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, शिकायला गंगावेशीच्या दूधकट्ट्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशी रस्त्यालगत उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लास हातात दिला जातो. काळीभोर म्हैस, तिच्याखाली चकाकती चरवी आणि काठोकाठ पांढरा फेस. कॅमेऱ्याला हे झेपत नाही. त्याची समजूत अशी की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असायला हवं. म्हशीनं चौकट भरली की तो ‘अंधार आहे’ असं धरून फोटो उजळवतो. मग म्हैस करडी दिसते आणि फेसातले बुडबुडे जाऊन नुसता पांढरा ठिपका उरतो.

इथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची अधिक-उण्याची सोय) उणे एकवर न्या. मोबाइलवर फेसावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड पक्का झाल्याची खूण दिसली की शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. म्हैस पुन्हा काळी होते, कातडीवर उजेडाची एक रेघ येते आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा सुटा दिसतो. धार हलती हवी असेल तर शटर १/३० पर्यंत उतरवा आणि कोपर गुडघ्यावर टेकवा. धार गोठवायची असेल तर १/५०० लागेल.

उलट प्रकार कुंभार गल्लीत होतो. गणपतीच्या आधी काही आठवडे तिथं रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. पांढऱ्यानं चौकट भरली की कॅमेरा फोटो काळवंडवतो, म्हणून तिथं अधिक एक. म्हशीला उणे आणि गणपतीला अधिक, एवढं हाताला लागलं की निम्मं एक्स्पोजर आलं समजा.

आणि फोटो काढण्याआधी दूध प्या. पैसे देऊन, उभं राहून, घोट घोट. तोवर म्हैसवाल्या मामांशी बोलणं होतं आणि मग कॅमेरा वर केला तरी कुणी अवघडत नाही.

माणसांना विचारायचं कसं

‘एक फोटो काढू काय मामा?’ एवढं वाक्य पुरतं. बायकांना मावशी किंवा काकी, तरण्या पोरांना दादा, आणि तालमीत असाल तर वस्ताद. नाही म्हटलं तर हसून पुढं जायचं. लांबून मोठ्या लेन्सनं चोरून काढलेला चेहरा मला पटत नाही. तो फोटो चांगला आला तरी त्या माणसाला दाखवता येत नाही. विचारल्यावर माणूस ताठ उभा राहतो, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे तो ताठ फोटो काढा, त्याला दाखवा, आभार माना आणि तिथंच थांबा. दोन मिनिटांत तो आपल्या कामाला लागतो. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो.

तालमीचं वेगळं सांगायला हवं. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावं कुस्तीमुळं सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण आत शिरायचं ते वस्तादांची परवानगी घेऊनच. आदल्या दिवशी जाऊन विचारून यावं. पायताण बाहेर काढायचं आणि आखाड्याच्या मातीत पाय टाकायचा नाही. ती माती तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली असते आणि पैलवान तिला नमस्कार करून उतरतात. आत उजेड कमी असतो, बहुतेक वेळा एखाद्या खिडकीतून तिरपा येणारा. फ्लॅश अजिबात नको, त्यानं डाव धरलेल्याचं लक्ष उडतं. खिडकीच्या समोरच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून खाली बसा. जोर-बैठकांना १/१२५ पुरतो, डाव पडताना १/५०० हवा. त्यासाठी आयएसओ ६४०० पर्यंत गेला तरी जाऊ दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

भर बाजारात, म्हणजे चप्पल लाइनला किंवा गुजरीत (सराफ बाजारात), दुकानात गिऱ्हाईक असताना मध्ये उभं राहू नका. सकाळी दुकान उघडतानाची वेळ बरी. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि कुठं टाकायचेही नाहीत.

गावाबाहेर

दुपारच्या उन्हात फोटो होत नाहीत, या नियमाला आपल्या जिल्ह्यात एक देखणा अपवाद आहे: खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. तिथल्या स्वर्गमंडपाला छताच्या मध्यभागी गोल मोकळी जागा आहे आणि तिच्या बरोबर खाली गोल शिळा. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळं दुपारी साडेबाराच्या सुमारास उजेडाचं वर्तुळ सरळ त्या शिळेवर उतरतं. बाकीच्या दिवसांत ते बाजूच्या खांबांकडं सरकतं. खांबांवरची कोरीव कामं तिरप्या उजेडातच उठून दिसतात, तेव्हा तीही संधीच समजा.

गुऱ्हाळाला थंडीत भल्या पहाटे जा. काहिलीतून उठणारी वाफ फोटोत दिसायची असेल तर तिच्या मागं अंधार आणि तिच्यावर कडेनं किंवा मागून उजेड हवा. वाफेच्या मागं पांढरं आभाळ आलं की ती गायब होते. बाहेरच्या गारठ्यातून आत गेल्यावर लेन्सवर दव धरतं. ते पुसत बसू नका, कॅमेरा दहा मिनिटं उघडा ठेवा, आपोआप जाईल. रस उकळत असताना काहिलीजवळ वाकायचं नाही आणि गुळव्याच्या वाटेत यायचं नाही. त्याचं सगळं लक्ष पाक बघण्यात असतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्या आणि गुलाल. गुलाल फार बारीक असतो, तिथं लेन्स बदलणं म्हणजे सेन्सर गमावणं. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेन्सपाशी चिकटपट्टी लावा. घरी आल्यावर आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) गुलाल उडवा आणि मगच फडकं लावा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार पावसाळ्यात बघण्यासारखं असतं. तिथं फुलं तुडवून कुणी फोटो काढू नये, एवढीच विनंती.

चार जण मिळून जाताना

पाच-सहा जणांपेक्षा मोठा घोळका नको. दहा कॅमेरे एका म्हाताऱ्या आजीभोवती उभे राहिलेले बघवत नाहीत. घाटावर एकत्र भेटा, वेळ ठरवा आणि दोघा-दोघांनी पांगा. प्रत्येकानं एक काम घ्यावं: कुणी फक्त हात, कुणी फक्त दारं, कुणी फक्त सावल्या. दोन तासांनी मिसळीच्या टेबलावर जमायचं. रस्सा येईपर्यंत प्रत्येकानं आपले पाचच फोटो दाखवायचे, आणि ते का निवडले ते सांगायचं.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फक्त हललेले आणि डोळे मिटलेले काढून टाका. खरी निवड दोन-तीन दिवसांनी करा, तेव्हा फेरीचा उत्साह ओसरलेला असतो आणि फोटो फोटोसारखा दिसतो. फोल्डरला तारीख, जागा आणि वेळ असं नाव द्या. वहीत एक ओळ लिहा: ऊन कुठून आलं, कुठं उशीर झाला, कुणाला फोटो द्यायचा कबूल केलं.

कबूल केलेल्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढून घ्या आणि पुढच्या फेरीला पिशवीत टाका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हैसवाले मामा एकदा बघतील, कागदावरचा दुकानात किंवा घरात लावतील. निघण्याआधी वहीतली त्या जागेची ओळ वाचा आणि मागच्यापेक्षा अर्धा तास आधी पोचा.