सलग एकशे ऐंशी पानं घेऊन येणाऱ्यांसाठी

जालन्यात मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावून द्यायचं काम करते. लग्नपत्रिका आता मोबाईलवर गेल्या. माझ्याकडं येतात ती निवृत्त माणसांची आत्मचरित्रं. गेल्या उन्हाळ्यात एक गुरुजी फुलस्केपची एकशे ऐंशी पानं घेऊन आले. एक शीर्षक नाही, कुठं जागा सोडलेली नाही. "तुम्हीच पाडा ताई प्रकरणं," म्हणाले. खरं तर हे काम लिहिणाऱ्याचं. घरच्या घरी होतं, फक्त घाई करू नका.

आधी सगळं मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवत. ऐकणारं माणूस जिथं उठतं, तिथं पेन्सिलीनं फुली मारा. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, १९७२च्या दुष्काळाला जागच्या हलल्या नाहीत. बदल्यांची हकिगत सुरू झाली आणि दोनदा चहा टाकून आल्या. त्या फुल्यांपैकी जिथं गाव, साल किंवा विषयही बदलतो, तिथं प्रकरण तोडा. नुसती फुली असेल तर मजकूरच कंटाळवाणा आहे, तो कमी करा.

आकाराची काळजी वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांकडं बघा. दासबोधात २० दशक, दर दशकात १० समास, ओव्या ७,७५१. म्हणजे एका समासाला सरासरी चाळीसच्या आत. एका बैठकीत सहज होतो. शिवाय प्रत्येक समासाला नाव. मूर्खलक्षणं हवीत? दुसऱ्या दशकाचा पहिला समास. पढतमूर्ख हवा? त्याच दशकाचा दहावा. अख्खा ग्रंथ चाळावा लागत नाही. पण म्हणून तुम्ही दहा-दहाचं माप लावू नका. ज्ञानेश्वरीत १८ अध्याय आहेत. बाराव्यात अडीचशेच्या आत ओव्या, अठराव्यात अठराशेवर. मजकूर जेवढा मागतो तेवढं प्रकरण.

नावं देताना 'बालपण', 'शिक्षण', 'नोकरी' नको. ती कुणाच्याही पुस्तकाला चालतात. गुरुजींनी दुष्काळाच्या प्रकरणाला 'बहात्तर' लिहिलं होतं, मी म्हटलं 'मिलोची भाकर' ठेवा. मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळालेली परदेशी ज्वारी. त्याच्या पोटात तीन भाग झाले: खडी फोडायचं काम, दुष्काळात खायला वाटलेली सुकडी, आणि विकलेली बैलजोडी. पोटभागांना आकडे घालू नका, मधे तीन फुल्या पुरतात. ३.२, ३.३ असले आकडे शेतीच्या माहितीपुस्तकात शोभतात, आईच्या आठवणीत नाही.

स्वतः टाईप करत असाल तर शीर्षक नुसतं ठळक करून ठेवू नका. वर्डमधली हेडिंग स्टाईल लावा. त्यावरून अनुक्रमणिका वर्डकडूनच तयार करून घेता येते. नवीन पानासाठी एंटर मारत बसू नका, पेज ब्रेक द्या. नाहीतर एक ओळ वाढली की पुढचं सगळं सरकतं, आणि मग फोन मला येतो.

प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायची हौस असते. दिसतं छान, पण डावी पानं कोरी पडतात. फर्मा, म्हणजे छापताना एकत्र निघणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा. लहान लहान तेवीस प्रकरणं असली तर कोऱ्या पानांनीच अर्धा फर्मा वाढू शकतो. गुरुजींचं मी जे पान येईल त्यावर सुरू केलं.

अनुक्रमणिकेतले पान क्रमांक शेवटच्या प्रुफानंतर पुन्हा ताडून बघा.

बदल्यांचं प्रकरण काढा म्हणून काकूंनी दोनदा निरोप धाडला. गुरुजी ऐकेनात. आता ते शेवटी परिशिष्टात आहे, गाव आणि साल अशा दोन रकान्यांत, दीड पानात.