पैसा टिकत नाही? आधी या चुका टाळा

महिनाअखेरीस खातं रिकामं दिसलं की बडोद्यात, दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही, ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘पैसा हातात टिकतच नाही.’ मग पुढच्या महिन्यापासून काटकसरीचा निश्चय होतो. पहिली चूक इथेच होते. रिचर्ड थेलर आणि हर्श शेफ्रिन या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की एकाच माणसात दोघं नांदतात, एक पुढचं ठरवणारा आणि दुसरा आज खर्च करणारा. निश्चय पहिला करतो, पाकीट मात्र दुसऱ्याच्या खिशात असतं. तेव्हा पैसा हाती येण्याआधीच अडकवा. पगार १ तारखेला होत असेल तर आवर्ती ठेवीचा हप्ता २ तारखेलाच कापला जाऊ द्या. २५ तारीख दिलीत तर कापायला काही उरणार नाही. भिशी याच जोरावर चालते, हप्ता चुकला तर ओळखीपाळखीत मान खाली जाते. पण तिथे व्याज नाही, आणि कुणी बुडवली तर पैसे वसूल करताना नाकीनऊ येतात.

दुसरी चूक मला जास्त घातक वाटते. इथे सेव-उसळ खाता खाताही शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांच्या, गप्पा चालतात आणि प्रत्येकाला आपला अंदाज पक्का वाटतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के सामान्य गुंतवणूकदारांना तोटा झाला. आपण उरलेल्या सातांतले, असं वाटत असेल तर आठवणीवर विसंबू नका, कारण नफ्याचे सौदेच लक्षात राहतात. ब्रोकरच्या ॲपमधून वर्षाचा नफा-तोट्याचा अहवाल काढा. दलाली, एसटीटी (सौद्यांवरचा कर), जीएसटी वजा झाल्याची खात्री करून शेवटचा आकडा घ्या आणि तेवढीच रक्कम मुदत ठेवीत असती तर किती मिळाले असते ते शेजारी लिहा. अमेरिकेत १९९१ ते १९९६ दरम्यान बाजार वर्षाला १७.९ टक्के वाढत होता, तेव्हा सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्या घरांच्या पदरात ११.४ टक्केच पडले, असं बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी दाखवलं.

तिसरी चूक देखादेखीची. नेदरलँड्समध्ये लॉटरी लागलेल्यांच्या शेजाऱ्यांनीही गाड्या घेतल्या, आणि त्यांना तर लॉटरी लागलीच नव्हती! आपल्याकडे हे लग्नात होतं. हॉल बघायला निघण्याआधी खर्चाचा आकडा कागदावर लिहा आणि व्याह्यांनाही तो तेव्हाच सांगून टाका.