‘व्हॉल्यूम’ दिसला की लगेच ‘खंड’ लिहू नका

ग्रंथालयाचं माहितीपत्रक, फलक किंवा सूची इंग्रजीतून मराठीत आणताना सर्वांत जास्त घोळ घालतो तो ‘व्हॉल्यूम’. मासिकावर ‘व्हॉल्यूम 12, इश्यू 3’ असेल तर मराठीत सरळ ‘वर्ष 12, अंक 3’. आपली मासिकं तसंच छापतात. चरित्राचा दुसरा व्हॉल्यूम म्हणजे ‘खंड दुसरा’. आणि ‘50,000 व्हॉल्यूम्स’ म्हणजे नुसते ‘50,000 ग्रंथ’. दादरच्या एका छोट्या वाचनालयाची माहितीपत्रक मी तपासलं होतं, त्यात या ग्रंथांचे ‘खंड’ झाले होते. वाचणाऱ्याला वाटावं, इथे फक्त विश्वकोशच ठेवतात!

‘इश्यू’चंही तसंच. मासिकाचा तो अंक, पण काउंटरवर ‘इश्यू’ म्हणजे पुस्तक देणं. म्हणून ‘सर्क्युलेशन’ची पाटी ‘देवघेव विभाग’. वर्तमानपत्राचं सर्क्युलेशन मात्र ‘खप’.

मुंबईत आणखी एक फसगत होते, हिंदीची. नेटवर ‘ॲक्सेशन नंबर’ला, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत मिळणाऱ्या क्रमांकाला, ‘परिग्रहण संख्या’ मिळतं आणि लिपी एकच म्हणून ते तसंच चिकटवलं जातं. मराठीत तो ‘दाखल क्रमांक’. ‘पुस्तकालय’ही हिंदीच, आपलं ग्रंथालय किंवा वाचनालय. 1967 च्या राज्य कायद्याच्या नावातही ‘सार्वजनिक ग्रंथालय’च आहे.

अडलात तर भाषा संचालनालयाचा ग्रंथालयशास्त्र परिभाषा कोश उघडा. मग तो शब्द देवघेवीच्या काउंटरवरच्या माणसाला ऐकवा. त्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं, तर फलकावर लायब्ररीतला रोजचा शब्दच ठेवा.