रुग्णालयासाठी सीटी-एमआरआय मशीन घेताय? हिशेबातल्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या रुग्णालयांत मशीन बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. मशीन बिघडल्यामुळे अडचणीत आलेली रुग्णालयं मी थोडी पाहिली, हिशेब चुकल्यामुळे आलेली जास्त.

सगळ्यात महागात पडते ती रोजचे किती पेशंट लागतील हे काढतानाची चूक. समजा कर्जाचा हप्ता, पगार, वीज, देखभाल मिळून महिन्याला ६ लाख लागतात आणि सीटीचा दर २,५०० रुपये आहे. लगेच भागाकार होतो: २४० स्कॅन, २६ दिवसांत रोजचे नऊ-दहा. जमेल असं वाटतं. पण प्रत्येक स्कॅनमागे रिपोर्टिंग, फिल्म, कॉन्ट्रास्ट (स्कॅनआधी टोचायचं औषध) आणि सवलतीचे ७०० गेले, तर हातात १,८०० उरतात. मग ३३४ स्कॅन लागतात, म्हणजे रोजचे तेरा. हे तेरा पेशंट कुठल्या गावांतून, कोणत्या डॉक्टरांकडून येणार, ते खरेदीवर सही करण्याआधी कागदावर मांडा. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत कंबरदुखीचा एमआरआय ‘कापूस विकला की बघू’ म्हणून पुढे ढकलला जातो. हप्ता थांबत नाही, म्हणून तीन-चार महिन्यांचे हप्ते बाजूला हवेतच.

रुग्णसेवेवर जीएसटी नसल्याने मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. कोटेशनची तुलना करासकट करा.

देखभालीच्या करारात साध्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सुटे भाग सहसा नसतात, सीएमसीत (सर्वसमावेशक करारात) असतात. तरीही सीटीची एक्स-रे ट्यूब त्यात आहे का, हे लेखी घ्या. ट्यूब झिजतेच, आणि तिचं बिल लाखांत येतं.

आता उन्हाळा. एमआरआयचा चिलर (मशीनला थंड पाणी पुरवणारं यंत्र) गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला मी पाहिला आहे. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५च्या पुढे गेला की भिंतीची धग आणि चिलरची गरम हवा तिथेच कोंडते. चिलर ट्रिप होतो, मागोमाग हेलियम कॉम्प्रेसर बंद पडतो आणि एमआरआयचं चुंबक थंड ठेवणारा हेलियम उडायला लागतो. तो पुन्हा भरणं परवडत नाही. चिलरला सावली द्या, चारी बाजूंनी हवा खेळू द्या, आणि तो रात्रीही जनरेटरवर चालेल असं बघा.

सीटीसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आधी घ्या. नाहीतर मशीन पेटीत पडून राहतं आणि बँकेचा हप्ता सुरू होतो.